प्रोजेक्टरला बाईकचं इंजिन ऑइल घालू नका हो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत जुनी यंत्रं घरच्या घरी चालू कशी करायची यावर लेख आला होता, चांगला होता, रेडिओचा भाग तर मी कापून ठेवलाय. पण फिल्म प्रोजेक्टरबद्दल एकाच ओळीत "कुठलंही मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे चालेल" असं लिहून मोकळे झालात ते काही पटलं नाही. वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मेंटेनन्सला आयुष्य गेलं आणि आता रिटायर झाल्यावर लोकांची ८ एमएम, १६ एमएमची (हा फिल्मच्या रुंदीचा आकडा) मशीनं दुरुस्त करत बसतो, म्हणून राहवलं नाही.

मुळात प्रोजेक्टरला एकच एक तेल नसतं, कुठला भाग आहे ते आधी बघायचं. थिएटरचं ३५ एमएमचं मशीन घ्या, त्यात माल्टीज क्रॉस असतो, म्हणजे चार खाचांचं चाक. शेजारच्या चाकावरची पिन खाचेत शिरते, क्रॉसला पाव फेरा देते आणि बाहेर पडते, तेवढ्यात फिल्म चार भोकं म्हणजे बरोबर एक फ्रेम पुढे सरकून थांबते, आणि हे सेकंदाला २४ वेळा. म्हणजे पिनचं चाक मिनिटाला १४४० फेरे मारतं, तीन तासांच्या पिक्चरला अडीच लाखांच्या वर दणके होतात! म्हणून तो क्रॉस बंद डब्यात तेलात बुडवून ठेवलेला असतो आणि लेव्हल बघायला बाहेर छोटी काच असते. कंपनीने सांगितलेल्या जाडीचंच तेल तिथे घालायचं, पातळ घातलं तर क्रॉस खडखडतो आणि सीलमधून गळून थेट फिल्मवर येतं, फार जाड घातलं तर मोटरवर लोड येतो.

आता लोक काय करतात, घरात बाईकसाठी आणलेलं २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल उरलेलं असतं तेच ओततात. त्या तेलात डिटर्जंट असतं, ते घाण खाली बसू देत नाही, तरंगत ठेवते, कारण पुढे गाडीचा ऑइल फिल्टर ती पकडणार असतो. प्रोजेक्टरला कुठे फिल्टर आहे? ती झिजलेल्या लोखंडाची बारीक पूड तेलाबरोबर तशीच फिरत राहते. गाडीच्या गिअर बॉक्सचं ऑइल त्याहून वाईट, त्यात गंधकाची अ‍ॅडिटिव्ह असतात आणि त्यातली काही पितळ-ब्राँझला खातात, आणि या मशीनमध्ये ब्राँझचे बुश, म्हणजे फिरता दांडा (शाफ्ट) ज्यात बसतो त्या छोट्या नळ्या, भरपूर.

बुशवरून आठवलं, १६ एमएम आणि ८ एमएमच्या बऱ्याच मशीनमध्ये सिंटर केलेले बुश असतात, म्हणजे ब्राँझची पूड दाबून, भाजून बनवलेले, त्यांना सूक्ष्म छिद्रं असतात आणि तेल त्या छिद्रांत मुरलेलं असतं. मशीन तीस-चाळीस वर्षं माळ्यावर पडलं की ते सुकतं, मग मोटर नुसती गुं गुं करते आणि फिरत नाही. अशा वेळी बाहेरून स्प्रे मारला की मशीन लगेच सुटतं, माणूस खूश होतो, पण त्या स्प्रेत बहुतेक सॉल्व्हंटच असतं, ते उरलंसुरलं जुनं तेल धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं, मग बुश कोरडा चालतो आणि शाफ्ट धरतो. स्प्रे गंजका स्क्रू सोडवायला ठीक आहे, वंगण म्हणून नाही. बुशला साधं, बिनडिटर्जंटचं मिनरल तेल लागतं, मी टर्बाइन ऑइल आयएसओ ६८ (हा तेलाच्या जाडीचा नंबर) वापरतो, गाडीच्या तेलाच्या एसएई नंबरांत २० च्या आसपास जाडी पडते. बुश काढता आला तर कोमट तेलात रात्रभर बुडवून ठेवायचा, नाहीतर शेजारच्या फेल्टवर, म्हणजे लोकरी नमद्याच्या तुकड्यावर, थेंब थेंब सोडायचे, फेल्ट पिऊन घेतो आणि हळूहळू देत राहतो. मोटरच्या बारीक, जोरात फिरणाऱ्या बेअरिंगला मात्र शिलाई मशीनचं पातळ तेल बरं. नायलॉनच्या गिअरला तेल नको, पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पुसट हात पुरे.

आणि खोबरेल कृपा करून नको! आपल्याकडे शिलाई मशीनपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे ते घालतात, पण ते २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं, शिवाय कालांतराने खवट होऊन चिकट बसतं.

नवं तेल घालायच्या आधी जुनं काढलंच पाहिजे, ते वाळून वार्निशसारखं पिवळं झालेलं असतं, त्यावर नवीन घातलं तर नुसता चिखल. पेंटच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाईन कापडाला लावून पुसा, रबरी बेल्ट आणि प्लास्टिकपासून लांब ठेवून, खिडकी उघडी ठेवून. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने उघड्या स्टीलवर गंज चढतो, तिथे तेलाचा हात पुसून घ्या, पण बेल्टवर तेल गेलं की तो फुगतो आणि घसरतो. गेट (दिव्यासमोर फिल्म जिथून सरकते ती खिडकी), प्रेशर प्लेट (तिथे फिल्म दाबून धरणारी पट्टी) आणि स्प्रॉकेट (फिल्म ओढणारं दात्यांचं चाक), जिथे जिथे फिल्म टेकते तिथे एक थेंबसुद्धा नको. तेलकट फिल्मवर धूळ चिकटते, तीच पुढे गेटमध्ये ओरखडे पाडते, आणि साउंड ट्रॅकवर डाग पडला तर आवाज बिघडतो. तेल घातल्यावर मशीन पाच-दहा मिनिटं फिल्म न लावता चालवा, बाहेर आलेलं जास्तीचं तेल पुसा, गेट कोरड्या सुती कापडाने साफ करा आणि मगच रीळ चढवा, तेही पहिल्यांदा लग्नाचं किंवा बारशाचं नको, एखादी टाकाऊ फिल्म लावा.

एवढं पुढच्या पुरवणीत छापलंत तर बरं होईल, कारण तो लेख वाचून माझ्याच सोसायटीतले एक जण काल स्प्रेचा डबा घेऊन आले होते, त्यांना कसंबसं थांबवलं.

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)