जवळची हेल्पलाइन कशाला, असं विचारलंस म्हणून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न मेसेजवर दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र. मन खचलेल्यांसाठी देशभर एक नंबर चोवीस तास चालू असताना बाबा तुम्ही त्या दोन खुर्च्यांच्या हेल्पलाइनसाठी देणग्या कसल्या गोळा करता, असं तू विचारलंस. हिशेबाला धरून विचारलंस.

मोठ्या नंबरला मी नावं ठेवणार नाही. टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. १४४१६ लावायला पैसे पडत नाहीत, फोन राज्यातल्या केंद्राकडे जातो आणि आपल्या भाषेत बोलता येतं. म्हणजे नंबर एक असला तरी ऐकणारा जवळचा हवा, हे ते उभारणाऱ्यांनाही पटलेलं होतं. अमेरिकेत २०२२ च्या जुलैत असाच देशभरचा ९८८ हा नंबर सुरू झाला, तेव्हा फोन कुठल्या केंद्राकडे जाणार हे मोबाइल नंबरच्या पहिल्या आकड्यांवरून ठरायचं. माणूस नोकरीपायी देशाच्या दुसऱ्या टोकाला, नंबर मात्र जुनाच, मग फोन उचलणार जुन्या राज्यातलं कुणीतरी. २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्या फोन जिथून आला तिथल्या जवळच्या केंद्राकडे वळवू लागल्या.

नुसतं ऐकायचं तर ते कुठूनही जमतं. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या पाद्र्याने चर्चमधून अशी सेवा सुरू केली. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक असत. कित्येकांचं मन त्यांच्याशी बोलूनच हलकं होई आणि पाद्र्याला भेटायची गरजच उरत नसे. आमचेही बरेचसे फोन असेच असतात. भांडण, निकाल, एकटेपण. नुसतं ऐकलं की भागतं.

उरलेल्या फोनांचं काय? रात्री दोनला कुणी म्हणतं, ‘मला आता एकटं राहायची भीती वाटतेय.’ आम्ही आडवळण न घेता विचारतो, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. पण उत्तर ‘हो’ आलं की पुढचं वाक्य जागेची माहिती असल्याशिवाय सुचत नाही. कुठल्या रुग्णालयात या वेळी मनोविकारतज्ज्ञ भेटतील आणि कुठे ‘सकाळी या’ म्हणतील, रात्री कुठलं फाटक उघडं असतं, सोबत कागद नसले तर अडवतात का. आमच्या टेबलावर एक नोंदवही आहे. नंबर शाईने लिहिलेत आणि शेरे पेन्सिलने, कारण ते बदलतात. ‘मंगळवारी बंद’, ‘आधी फोन करा, मॅडम स्वतः उचलतात’, ‘मागच्या दाराने या, पुढे गर्दी’. दर महिन्याला कुणीतरी बसून सगळ्यांना फोन लावतं आणि खोडरबर चालवतं. कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते तेच खरं काम आहे.

तू विचारलं नाहीस, पण जवळच्या हेल्पलाइनची खरी अडचण वेगळीच आहे. ओळखीचं कुणी निघालं तर? या धास्तीने लोक लांबचाच नंबर लावतात, आणि त्यांनी तसं करावं. नंतर चौकात समोरासमोर यायची भीती असलेल्याला अनोळखी आवाजच बरा. आम्ही नाव विचारत नाही, स्वतःचंही खरं सांगत नाही. आवाज ओळखीचा वाटला तर समोरच्याला तसं स्पष्ट सांगायचं आणि त्याची हरकत नसेल तर फोन शेजारच्या खुर्चीकडे द्यायचा, असा नियम आहे. तो पाळणं लिहिण्याइतकं सोपं नसतं. तरीही मला दोन्ही नंबर हवेत. लाजणाऱ्याला लांबचा, आणि आज रात्री कुठे जाऊ असं विचारणाऱ्याला जवळचा.

देणगीचं म्हणशील तर पैशांपेक्षा आम्हाला शनिवार-रविवारच्या रात्रपाळीला माणसं कमी पडतात. तुझी मैत्रीण विचारत होती ना, तिला पाठव. आधी प्रशिक्षण असतं, मग काही पाळ्या नुसतं शेजारी बसून ऐकायचं. तिच्या घरात नुकतंच कुणी गेलंय असं तू म्हणाली होतीस. तसं असेल तर आम्ही तिला थोडे महिने थांबायला सांगू. तिने राग मानू नये म्हणून तूच आधी कानावर घाल.

तुझा,
बाबा