फॉर्मावरची खूण

सांगली,
८ जुलै २०२५

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "आई, पहिल्या नोकरीचा तो पेन्शनचा भाग काढूनच टाकते, कटकट मिटते," आणि तेवढ्यात तुझा कुकर झाला म्हणून फोन ठेवलास. मला काही रात्रभर झोप नाही. तुझे बाबा म्हणाले, तिचं ती बघेल, तिशी उलटलेली बाई आहे ती. पण फोनवर सांगितलं की तू "हो गं" म्हणतेस आणि विषय तिथंच विरतो, म्हणून सकाळी देवपूजा झाल्यावर वही घेऊन बसले. पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, माझा वेडेपणा सोडला तर.

मिरज एमआयडीसीत मी पॅकिंगला होते ते तुला आठवतं. हाताला सदा डिंकाच्या टेपचा वास. सप्टेंबर १९९९ ते मे २००७, म्हणजे ७ वर्षं ८ महिने. काम सुटलं तेव्हा टाइम ऑफिसातल्या क्लार्कनी दोन फॉर्म पुढं केले. १९ नंबर पीएफचा, १०-सी पेन्शनचा. १०-सी वर दोन चौकोन असतात. एकात खूण केली की पेन्शनचे पैसे हातात, दुसऱ्यात केली की स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली वर्षं पुढच्या नोकरीत धरायचा कागद. त्यांनी विचारलं, "वहिनी, पैसे पाहिजेत का सर्टिफिकेट?" विचारलं हे तरी खरं, पुष्कळ ठिकाणी विचारतही नाहीत. मी म्हटलं, सर्टिफिकेट घेऊन काय भिंतीला लावू? ते हसले, मीही हसले, आणि त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली. चोवीस हजार आणि वर काही रुपये आले. तुझी अकरावीची फी भरली आणि दारापुढचं पत्र्याचं शेड झालं. ते शेड अजून आहे, पावसात त्याचा आवाज ऐकला की मला तो चौकोन आठवतो.

पुढच्या वर्षी कुपवाडला स्टोअरला लागले. तिथं ९ वर्षं २ महिने झाली आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये तुझ्या आजीनं अंथरूण धरलं म्हणून सोडलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी आणखी चार महिने कसेही रेटले असते. महिन्याच्या पेन्शनला १० वर्षं नोकरी लागते, आणि ६ महिने किंवा त्यावर भरले की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊला दहा. माझे ९ वर्षं २ महिने. मिरजेची वर्षं मात्र मी तेव्हाच चोवीस हजारांना विकून बसले होते. ती मोजायला उरलीच नव्हती.

हे मला कळलं ते ५८ पूर्ण झाल्यावर, २०२२ मध्ये. पीएफ ऑफिसातल्या खिडकीपलीकडचा मुलगा तुझ्याहून लहान असेल. त्यानं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं: पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. दोन्ही नोकऱ्या मिळून १७ वर्षं धरली असती, माझा बेसिक सात हजारांच्या आसपास, तर महिन्याला सोळा-सतराशे रुपये मिळाले असते, मरेपर्यंत. माझ्यामागं तुझ्या बाबांना निम्मे. सोळाशे म्हणजे काय मोठं, असं तू म्हणशील. आपल्या शेजारचे तात्या सूतगिरणीतून निवृत्त झाले, त्यांनाही फार नाही मिळत. पण पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की ते चष्मा लावून दोनदा वाचतात, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. मी त्यांना पिशवी घेऊन जाताना बघते, एवढंच सांगते.

आता तुझं. गेल्या महिन्याच्या २७ तारखेला कुपवाडला पीएफवाल्यांचं शिबिर होतं, 'निधी आपके निकट' म्हणतात ते. तू पाठवलेले सगळे फोटो मी मोबाइलच्या दुकानातून कागदावर काढून नेले होते. समोरच्या बाई शांत होत्या. दहा मिनिटं त्यांनी कागद खालीवर केले आणि म्हणाल्या, "काकू, मुलीची दोन खाती दोन नावांची आहेत. सगळं तिथून सुरू झालंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तुझी पहिली नोकरी जुलै २०१३ ते मार्च २०१९. तेव्हा पीएफमध्ये येणारा पेन्शन योजनेतही यायचाच, त्यामुळं तूही आपसूक आलीस. कंपनी आपले १२ टक्के भरते ना, त्यातले ८.३३ पेन्शनला जातात आणि ३.६७ पीएफला. तो यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माहेरच्या नावाचा. मग लग्न झालं, आधार बदललं, आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीत गेलीस. पहिल्या दिवशी तुझ्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला असणार. त्यात फॉर्म ११ असतो. आधी पीएफचे सभासद होता का, पेन्शन योजनेत होता का, असं त्यात विचारलेलं असतं. तू 'नाही'वर खूण केलीस, किंवा तुझ्या वतीनं कुणी केली. (आपल्या घरात खुणा करायला कुणी शिकवलं नाही, हेच खरं.) झालं. नवीन बाई म्हणून कंपनीनं सासरच्या नावानं दुसरा यूएएन काढला. आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच सभासद होतो आणि ज्याचा पगार १५ हजारांच्या वर असतो, त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. तुझा बेसिक २८ हजार. तेव्हा कंपनीचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये गेले आणि पेन्शनच्या रकान्यात ६ वर्षं शून्य.

पण तू नवीन नव्हतीसच. त्या तारखेआधीपासून सभासद होतीस, पैसे कधी काढले नव्हतेस. तुझं पेन्शन १५ हजारांच्या मर्यादेवर, महिना १,२५० रुपयांनी, चालू राहायला हवं होतं. तसं झालं असतं तर पहिली ५ वर्षं ९ महिने आणि नंतरची ६ वर्षं, मिळून ११ वर्षं ९ महिने. म्हणजे दहाची वेस तू ओलांडून बसलीस, फक्त कागदावर ओलांडायची राहिलीस. आणि याच वेळी तू म्हणतेस, पहिल्या नोकरीचं काढून टाकते!

तुला ऐंशी-नव्वद हजार येतील, मला मान्य आहे. स्कूटर येईल. पण ती ५ वर्षं ९ महिने पुसली जातील आणि मग दुसऱ्या कंपनीला "मी जुनी सभासद आहे" हे तू कशाच्या जोरावर सांगणार? तुझा सगळा दावा त्या पहिल्या खात्यावर उभा आहे.

तुझी ती सीए मैत्रीण म्हणते की पेन्शनपेक्षा पीएफमध्ये पैसे बरे, तिथं ८.२५ टक्के व्याज दिसतं तरी. तिचं अगदीच चूक नाही. दुरुस्ती झाली की तुझ्या पीएफमधून ७२ महिन्यांचे ९० हजार आणि त्यावरचं व्याज पेन्शनकडं वळतील, पासबुकावर तेवढी रक्कम कमी दिसेल, तेव्हा घाबरू नकोस. आणि खाती एकत्र केली तरी नव्या पासबुकात पेन्शनचा रकाना भरलेला दिसत नाही. पेन्शनचे पैसे असे इकडून तिकडे जातच नाहीत, वर्षं जातात. मी ते ऐकलं तेव्हा दोनदा विचारून घेतलं. आज तू नोकरी कायमची सोडलीस तरी ५८ नंतर १५ हजार गुणिले १२, भागिले ७०, म्हणजे ढोबळमानानं महिना अडीच हजारांच्या आसपास. चालू ठेवलीस, २५ वर्षं भरलीस, तर २० च्या वर गेलं म्हणून २ वर्षं वरची मिळतात. २७ वर्षांचे साडेपाच हजारांच्या वर. महागाईत त्याची किंमत काय राहील ते देव जाणे, मी त्याला श्रीमंती म्हणत नाही. पण हे पैसे कुणी मागून नेऊ शकत नाही, दिराच्या धंद्यात घालता येत नाहीत, पोरांच्या फीत विरघळत नाहीत. बाईमाणसाच्या नावावर असली एक तरी गोष्ट असावी. बाबांना हे वाक्य वाचून दाखवलं तर ते पेपर तोंडापुढं धरून बसले.

आता करायचं काय. आधी जुन्या खात्यावरचं नाव. त्यासाठी जॉइंट डिक्लेरेशन लागतं, तुझी आणि पहिल्या कंपनीची दोघांची सही, सोबत लग्नाचा दाखला. त्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीखही कधी टाकलेली नाही, तीही त्याच अर्जात घालून घे, दोन खेपा करू नकोस. ते लोक बाणेरहून उठून गेलेत, फोन उचलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ईमेल कर, आणि नुसती ईमेल नको, स्पीड पोस्टानं पत्र पाठव, पोचपावती जपून ठेव. पंधरा दिवसांत हूं की चूं नाही झालं तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर जा. तिथं तक्रार नोंदली की नंबर मिळतो, तो वहीत लिही. दुसऱ्या कंपनीची सोडल्याची तारीख मात्र तूच टाकू शकतेस. शेवटचा हप्ता भरून दोन महिने उलटले की पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं जमतं, आणि तुझा शेवटचा हप्ता मार्चचा, म्हणजे तारीख मार्चमधलीच टाक. घाईत चुकीची टाकलीस तर परत निस्तरत बसावं लागेल.

नाव जुळलं की मग फॉर्म १३, जुनं खातं नव्यात जोडायचा, ऑनलाइन. आधी नाही. मागं दोनदा नामंजूर झाला तो यामुळंच, आणि तू म्हणत होतीस साइट खराब आहे. साइट खराब असतेच, पण या वेळी दोष तिचा नव्हता.

दुसऱ्या कंपनीकडून पेन्शनची दुरुस्ती, हे सगळ्यात चिवट काम. त्यांना ६ वर्षांचे भरणे नव्यानं दाखवावे लागतात, म्हणून ती एचआरची मुलगी टाळते. तिच्याशी भांडू नकोस. पहिल्या नोकरीची पेन्शनची नोंद असलेलं पासबुक काढ आणि पत्राला जोड. ऑगस्टमध्ये नव्या ठिकाणी जाशील तेव्हा फॉर्म ११ स्वतःच्या हातानं भर. 'होय', 'होय', आणि यूएएन एकच.

तो एजंट पाच हजारांत काढून देतो म्हणाला, त्याचा नंबर पुसून टाक. ओटीपी कुणाला सांगू नकोस, मामांच्या ओळखीचा असला तरी.

तुझ्या पहिल्या नोकरीच्या पगारचिठ्ठ्या माझ्याकडं आहेत. २०१९ च्या पुरात ट्रंकेत पाणी शिरलं तेव्हा तू म्हणाली होतीस टाकून दे. मी त्या पापडासारख्या एकेक सोडवल्या, दोरीवर चिमटे लावून पंख्याखाली चार दिवस वाळवल्या. जांभळी शाई पसरलीय, पण ३१ चिठ्ठ्यांवर पीएफ नंबर वाचता येतो. २०१४ च्या ऑगस्टची, म्हणजे त्या १ सप्टेंबरच्या आधीची, त्यात आहे, मी काल रात्री उठून पाहिली. त्या शिबिरातल्या बाईंनीही नेमका तोच महिना विचारला होता. माझी स्वतःची १०-सी ची झेरॉक्स त्याच ट्रंकेत होती, तिचा लगदा झाला. बरंच झालं.

चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शनिवारी येणाऱ्या पोराबरोबर पाठवते. वर भडंग ठेवलंय, ते आधी बाहेर काढ, तेल लागेल. आठव्या चिठ्ठीच्या मागं गॅसवाल्याचा जुना नंबर आणि तुझ्या आजीच्या गोळ्यांची नावं लिहिलेली आहेत. स्कॅन करताना ती बाजू करू नकोस.

बाबांचा आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
आई