आई, तुला औषध मानवत नाही हे खरंच होतं

प्रिय आई, बाबा आणि दादा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, इथे माझी शिफ्ट सुरू होत होती, म्हणून आज निवांत लिहितेय. दादा, तू दोघांना मोठ्याने वाचून दाखव आणि बाबांच्या गोळीचा भाग दोनदा वाच.

आई, आधी तुझं. तुझ्या ऑपरेशननंतर दुखण्यावर कोडीन दिलं होतं आठवतंय ना, एकाच गोळीत तू दिवसभर गुंगीत, उलट्या, श्वास पण जड झालेला, आणि शेजारच्या बेडवरच्या बाई तीच गोळी घेऊन म्हणत होत्या की मला काही फरकच पडत नाही. सगळे म्हणाले तू मनाला लावून घेतेस. मीही म्हणाले. आता हॉस्पिटलच्या फार्मसीत रोज हेच बघते तेव्हा ते आठवून फार वाईट वाटतं गं, कारण मुळात कोडीनमध्ये स्वतःचा दम फारसा नसतो, लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं आणि दुखणं थांबतं ते त्या मॉर्फिनमुळे. हे एन्झाइम कसं बनवायचं ते आपल्या जीनमध्ये असतं, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. काहींच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांच्यात मॉर्फिन जवळजवळ तयारच होत नाही, गोळी घेऊनही ते तळमळतात. आणि काहींच्यात या जीनच्या जादा प्रती असतात, त्यांच्यात मॉर्फिन भराभर बनतं आणि साधा डोसही जास्त होतो. अमेरिकेत टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही लहान मुलं अशीच दगावली, डोस बरोबर होता तरी. मग २०१३ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा मुलांना कोडीन देऊ नका असा सगळ्यात कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही असं ठरलं.

तू यातल्या कुठल्या गटात बसतेस ते जीनच्या टेस्टशिवाय मी सांगणार नाही. पण तुझ्या फाइलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव की कोडीनने असं झालं होतं, आणि कुणी ट्रामाडोल हे दुसरं दुखण्यावरचं औषध लिहून दिलं तर तेव्हाही सांग, कारण तेही याच एन्झाइमवर अवलंबून आहे.

बाबा, आता तुमचं. तुम्ही म्हणालात मामांना पण स्टेंट आहे, तेही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल ७५ घेतात आणि ठणठणीत आहेत, मग माझं वेगळं काय असणार. तर क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते झोपलेलं औषध असतं, त्याला जागं करतं दुसरं एक एन्झाइम, सीवायपी२सी१९. ज्यांच्यात त्याच्या जीनच्या दोन्ही प्रती काम करत नाहीत त्यांच्यात गोळी रोज वेळेवर घेऊनही रक्ताची गुठळी व्हायचा धोका पुरेसा कमी होत नाही, आणि माणसाला बाहेरून काहीच कळत नाही, हीच मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. हा बदल दक्षिण आशियातल्या लोकांत बराच आढळतो. २०१० पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा आहे. मामा तुमचे मेहुणे, त्यांचे जीन तुमच्यात कुठून येणार! टेस्ट रक्तावर किंवा लाळेवर होते, जीन बदलत नाहीत म्हणून एकदाच करावी लागते, आणि गरज पडली तर प्रासुग्रेल, टिकाग्रेलोर अशी दुसरी औषधं आहेत, पण कुणाला कुठलं चालेल ते वय, रक्तस्रावाचा धोका सगळं बघून हार्टचे डॉक्टरच ठरवतील. तोवर गोळी एक दिवसही चुकवू नका प्लीज. आणि ॲसिडिटी झाली की तुम्ही मनाने ओमेप्राझोल घेता ना, ते याच एन्झाइमला अडवतं, म्हणजे जीन चांगले असले तरी गोळीचा जोर कमी होऊ शकतो, त्याऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

दादा, तू विचारलंस मग सगळ्यांची टेस्ट सरसकट का करत नाहीत. बऱ्याच औषधांत जीनचा वाटा थोडाच असतो, किडनी, लिव्हर, बाकीच्या गोळ्या हे पण तेवढंच महत्त्वाचं असतं. पण काही ठिकाणी टेस्ट न करणं मला चुकीचं वाटतं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन घे, क्वचित कुणाची त्यामुळे सगळी कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, जीवही जातो. तैवानमध्ये २००४ साली अशा ४४ पेशंटना तपासलं तर ४४च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५:०२ हा जीनचा एकच प्रकार सापडला. आधी कळलं असतं तर त्यांना दुसरं औषध देता आलं असतं, एवढं सोपं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाआधी टीपीएमटी या जीनची टेस्ट करायची पद्धत पडली, पण ती पद्धत मुख्यतः युरोपियन वंशाच्या पेशंटवरून बसलेली, आणि आशियातल्या अनेक पेशंटचा टीपीएमटी रिपोर्ट नॉर्मल येऊनही पांढऱ्या पेशी धडाधड खाली जायच्या. २०१४ मध्ये कोरियातल्या पेशंटवरच्या अभ्यासात कळलं की गडबड एनयूडीटी१५ या वेगळ्याच जीनमध्ये आहे. तोवर त्या लोकांना कुणी शोधलंच नव्हतं रे! म्हणून कुठलीही टेस्ट केली की त्यात कोणकोणते बदल तपासलेत ते विचार, नुसत्या नॉर्मल शब्दावर जाऊ नकोस.

आई, तुझ्या त्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड कपाटात असेल, त्यावर गोळीचं नाव आणि डोस दोन्ही असणार. दादाला फोटो काढून पाठवायला सांग, बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे पण. मी डॉक्टरांना दाखवायला एक कागद नीट करून पाठवते.

तुमची,
ताई