मॅन्युअल गिअर आळसामुळे गेला नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीतला मॅन्युअल गिअरबॉक्सवरचा लेख इथे कोलंबसला, म्हणजे इंडियानातल्या, बसून वाचला. क्लच दाबायचा कंटाळा आला म्हणून अमेरिकी माणसाने पिकअपमधला हाताचा गिअर सोडला, असा त्याचा सूर आहे. छोट्या मोटारींपुरते ते खरे असेल. मोठ्या डिझेल पिकअपचे तसे नाही. डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्सचे मुख्यालय याच गावात आहे आणि 1962 साली कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाल्यापासून पुण्याशी त्याची सोयरीक आहे, त्यामुळे हा विषय इथल्या मराठी घरांत जेवताना निघतो. (बायकांना त्याचा उबग आला आहे, ते वेगळे.)

डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे इंजिन आले 1989 मध्ये. 1996 च्या गाडीत तेच 5.9 लिटरचे इंजिन मॅन्युअलसोबत घेतले तर 215 हॉर्सपॉवर आणि 597 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मिळे. ऑटोमॅटिकसोबत 180 आणि 569. म्हणजे तेव्हा जपून वागवायचा गिअरबॉक्स होता तो ऑटोमॅटिक! 2001 चे 245 हॉर्सपॉवरचे जोरकस इंजिन तर फक्त सहा गिअरच्या मॅन्युअललाच मिळायचे. 2018 पर्यंत पारडे पार फिरले. 6.7 लिटरचे इंजिन ऑटोमॅटिकला 1261 न्यूटन मीटरपर्यंत मिळे आणि मॅन्युअल घेणाऱ्याला 895 वर रोखून दिले जाई. पुढच्या मॉडेलला मॅन्युअल बंदच झाला. जनरल मोटर्सने 2006 नंतर आणि फोर्डने 2010 नंतर आपल्या जड पिकअपमधून तो आधीच काढला होता.

कारण साधे आहे. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना कॉम्प्युटर क्षणभर इंजिनचा जोर कमी करतो. चालकाचा डावा पाय मात्र कॉम्प्युटरच्या ताब्यात नसतो. मागे भरलेला ट्रेलर असताना कोणी क्लच फाडकन सोडला, की सगळा दणका इनपुट शाफ्ट (क्लचकडून जोर गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) आणि गिअरच्या दातांवर बसतो. तो सोसेल असा गिअरबॉक्स करायचा तर वजन आणि किंमत दोन्ही वाढतात, आणि घेणारे थोडेच.

माझी स्वतःची रॅम 1997 ची, बारा व्हॉल्व्हची. या इंजिनाच्या डिझेल पंपातली एक छोटी पट्टी बदलली आणि टर्बो थोडा मोठा लावला की टॉर्क हजाराच्या घरात सहज जातो. तिचा मूळ गिअरबॉक्स एनव्ही 4500 : पाच गिअर, बिडाची केसिंग, पण क्षमता सुमारे 624 न्यूटन मीटर. त्याचे जगजाहीर दुखणे म्हणजे पाचव्या गिअरचा नट. कमी आरपीएमवर टॉपमध्ये गाडी रेटली की सहा सिलिंडरच्या डिझेलचे हादरे थेट मेन शाफ्टला (गिअर ज्यावर बसतात त्या दांड्याला) बसतात, नट हळूहळू सैल होतो आणि पाचवा गिअर शाफ्टच्या स्प्लाइनवरून, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या खाचांवरून, मागे सरकतो. दांडी पाचव्यात पडते आणि गाडी न्यूट्रलसारखी घरंगळते. नुसता नट पुन्हा आवळणे म्हणजे पैसे पाण्यात. मूळ शाफ्टवर पाचव्या गिअरखाली स्प्लाइन पूर्ण लांबीच्या नसतात. पूर्ण स्प्लाइनचा शाफ्ट आणि आवळून बसणारा नट बाजारात मिळतो, इनपुट शाफ्टही सव्वा इंचाऐवजी एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाडीचा मिळतो.

दुसरा पर्याय गिअरबॉक्सच बदलून एनव्ही 5600 बसवण्याचा. सहा गिअर, क्षमता सुमारे 746. वजन मात्र दीडशे किलोच्या वर, त्यामुळे जॅकशिवाय त्याला हात लावू नये. शिवाय तो कधीच बंद झाला आहे आणि सुटे भाग मिळताना घाम फुटतो. 2005 नंतरचा मर्सिडीजचा जी 56 हलका, कारण केसिंग ॲल्युमिनियमची. पण त्याचे दोन तुकड्यांचे फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधले जड चाक) काढून साधे लावले की खडखडाट सुरू. मी ट्रेलर ओढतो, तेव्हा माझा कौल 5600 ला. ज्याची गाडी बहुतेक रिकामीच फिरते त्याने 4500 लाच चांगला शाफ्ट घालावा. क्लच मात्र गरजेपेक्षा फार तगडा बसवू नये. पाचशे डॉलरची प्लेट घसरली तर घसरू दे, मागचा गिअरबॉक्स वाचतो.

हे सगळे लिहायला निमित्त झाला माझा भाचा. तो नाशिकला आहे, टोयोटा हायलक्स मॅन्युअल घ्यायची म्हणतो. "मामा, ऑटोमॅटिकला पाचशे टॉर्क आहे, मॅन्युअलला चारशे वीसच. इंजिन तेच. रीमॅप करून पाचशे करून घेतो की!" (रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणे.) अरे बाबा, इंजिन तेच असूनही कंपनीने 420 वर का थांबवले असेल? एक्सयूव्ही 700 च्या 185 पीएसच्या डिझेललाही मॅन्युअलमध्ये 420 आणि ऑटोमॅटिकमध्ये 450 होता. गिअरबॉक्स किती सोसतो हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, माहितीपत्रकात छापत नाहीत, आणि रीमॅप करणारा तर विचारतही नाही.

आपल्या पुरवणीत नव्या गाड्यांचा तक्ता येतो, त्यात टॉर्कचा एकच आकडा असतो, बहुधा मोठा तोच. तो मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकसाठी वेगवेगळा छापावा, आणि कंपन्यांकडून गिअरबॉक्सची क्षमताही मागवावी, एवढी विनंती. एका कंपनीने दिली तरी बाकीच्यांना विचारता येईल.

आपला,
एक वाचक
(मूळ कोथरूड, सध्या कोलंबस, इंडियाना)