पेव उघडण्याआधी

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

तुझा मेसेज तीनदा वाचला. पोरीच्या लग्नाआधी २१ दिवस नुसते पाल्याचे रस, शरीरातली सगळी विषं बाहेर, वर आठ किलो वजन कमी. नुसता अंगठा टाकून गप्प बसलो असतो, पण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय आणि तुला बोललो नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. कुणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणी पैसे भरले. सात दिवस सकाळी दुधी, दुपारी पालक-काकडी, रात्री कोथिंबीर-लिंबू. दुकानातल्या काट्यावर चढलो तेव्हा ८४.२ होतो, आठव्या दिवशी ८०.१. हमालांना पेढे वाटले! (स्वतः खाल्ला नाही, एवढा निग्रह.) मग घरी भाकरी-आमटी सुरू झाली, संध्याकाळचं भडंग सुरू झालं, आणि पाचच दिवसांत काटा ८३.१ वर.

मी लेका हळदीच्या अडतीवर जन्म काढलेला माणूस. चार-पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की किलोभर हातात येते. बाकीचं पाणी. वजन घटलं म्हणून हळद कमी झाली असं आम्ही कधी म्हणत नाही. आणि स्वतःच्या अंगाचं मात्र मला कळलं नाही. नंतर ओळखीच्या डॉक्टरांनी समजावलं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तोडलं की पहिला तो साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं. मीठही कमी, म्हणून आणखी पाणी जातं. एक किलो चरबी जाळायची तर ७,७०० च्या आसपास कॅलरी तोडाव्या लागतात. सात दिवसांच्या उपाशीपणात एक-सव्वा किलोच्या पुढे चरबी जाणं हिशेबातच बसत नाही. माझं तेवढंच गेलं बघ. तेही भाकरी एकानं कमी करून दोन महिन्यांत गेलं असतं, आणि आयर्विन पुलावर सकाळी फिरताना डोळ्यांपुढं अंधारी येऊन कठडा धरायची वेळ आली नसती.

आता विषाचं. तिथल्या बाईंना मी विचारलं होतं, कुठलं विष? त्या म्हणाल्या, 'टॉक्सिन्स.' अहो पण नाव? 'सगळीच.' आमच्याकडं पोत्यावर असं लिहून चालत नाही. २००९ साली ब्रिटनमध्ये काही तरुण शास्त्रज्ञांनी अंगातलं विष काढतो म्हणणाऱ्या पंधरा डिटॉक्स वस्तूंच्या कंपन्यांना हेच विचारलं, तर 'डिटॉक्स' म्हणजे काय याची दोघांची व्याख्या जुळेना. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळले. बाजारातल्या डिटॉक्स आहारांची माणसांवर नीट, तुलना करून घेतलेली एकही चाचणी त्यांना सापडली नाही.

नावाची विषं आहेत, नाहीत असं नाही. दारू, अमोनिया, औषधांचा उरलेला अंश, हे यकृत रोज मोडतं. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. हे काम तू पालक पिलास काय, न पिलास काय, चालूच असतं. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं मात्र चरबीत जाऊन बसतात. हरिपूरची पेवं आठवतात? जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं मुकाट पडून. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे, आत हवा आहे का ते आधी कंदील सोडून बघायचे. चरबीचंही तसंच. वजन भराभर उतरलं की तिच्यात साठलेलं रक्तात येतं, रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणजे घाईनं वजन उतरवून विष धुतलं जात नाही, उलट मोकळं होतं.

आणि शिसं. हळदीला पिवळी चकाकी यावी म्हणून कुठं कुठं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळतात, तुला माहीत आहेच. ते हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. कोथिंबिरीचे प्रयोग उंदरांवर झालेत, पण माणसाच्या हाडातलं शिसं जुडीभर रसानं निघतं असं कुणी दाखवलेलं नाही. बांगलादेशात काय झालं ते ऐक. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही, आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसं सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. कुणी रस पिला नव्हता. यायचं थांबवलं, एवढंच.

भाज्या वाईट असं मी म्हणत नाही. मेथी, चाकवत, दोडका, पोटभर खा. पण चावून खा, चोथा टाकू नकोस. पोट साफ होतं ते त्या चोथ्यानं, आणि तोच ते लोक गाळून फेकतात. पैसे आपले, वरून गाळणी त्यांची! पालकाचा रस रोज भांडंभर तर नकोच. त्यात मुतखडा करणारं ऑक्झलेट असतं, आणि तुला तो होऊन गेलाय. दुधी कडू लागला तर घोटसुद्धा गिळू नकोस. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलीत, आयसीएमआरच्या समितीनं तसा इशाराच दिलाय.

मला खरी धास्ती तुझ्या साखरेच्या गोळ्यांची आहे. तू ग्लिमेपिराइड घेतोस ना? ती पोटात अन्न आहे की नाही बघत नाही, साखर उतरवतच राहते. मी नुसता कठडा धरला, तू स्कूटरवर असलास तर? आणि ते लोक गोळ्या बंद करा म्हणाले, तर तेही ऐकू नकोस.

पैसे भरले असशील तर आजच परत माग. नाही दिले तर नाही दिले. तुझ्या डॉक्टरांना विचारून काय ते मला गुरुवारपर्यंत कळव. लग्नाच्या हळदीची काळजी करू नकोस, ती मी आणतो. राजापुरी, बिनपॉलिशची, समोर दळून घेतलेली. सूट आत्ताच्याच मापानं शिवून घे, आठ किलो कमी धरून नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या