पोर्ट बदलून सर्व्हर लपत नाही

महोदय,

विवरणपत्रांचा हंगाम आला की सीए कार्यालये, पतसंस्था, पेढ्या सगळीकडून ‘घरून टॅली दिसली पाहिजे’ अशी मागणी सुरू होते. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून (म्हणजे बाहेरून येणारी जोडणी एका क्रमांकाच्या दारातून, पोर्टमधून, थेट सर्व्हरकडे वळवून) सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे त्याचा पडदा दुरून चालवण्याची विंडोजची सोय, थेट इंटरनेटवर उघडला जातो. पाच मिनिटांचे काम, आणि तेच घातक. रिमोट डेस्कटॉपच्या नेहमीच्या ३३८९ ऐवजी भलताच पोर्ट दिला की भागले, हा समज खोटा आहे. उघडे पोर्ट शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रामला सगळे ६५,५३५ पोर्ट चाळता येतात. खात्री हवी तर सर्व्हरवर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडून ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. प्रत्येक नोंद म्हणजे फसलेले लॉगिन: ॲडमिन, टेस्ट, अकाउंट्स... कार्यालय बंद असतानाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये २०१९ साली सापडलेल्या ब्लूकीप दोषाला तर पासवर्डचीही गरज नव्हती.

फॉरवर्डिंग काढून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खासगी मार्ग, लावावे. त्याच्या प्रकारांपैकी पीपीटीपी सोपे म्हणून निवडू नये, त्याची सुरक्षा केव्हाच मोडीत निघाली आहे. एल२टीपी-आयपीसेक या प्रकाराला यूडीपी ५०० व ४५००, एसएसटीपीला टीसीपी ४४३ हा पोर्ट लागतो. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, म्हणजे सेवादाराने अनेक ग्राहकांत वाटलेला असेल, तर बाहेरून काहीच पोहोचणार नाही. मग सेवादाराकडून स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा, आयपी पत्ता घ्यावा. फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमाचा ‘स्कोप’ व्हीपीएनच्या पत्त्यांपुरताच ठेवावा, नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (पडदा दिसण्याआधीच ओळख तपासणे) चालू असावे, दहा चुकांनंतर खाते लॉक व्हावे. मेख अशी की, जुन्या सर्व्हरवर मूळ ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खाते या नियमाने लॉक होतच नाही. ते बंद करून वेगळ्या नावाचे खाते करावे.

तक्रारी मात्र वेगळ्याच येतात: व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवते, सर्व्हर सापडत नाही. कार्यालयातले पत्ते १९२.१६८.१ने सुरू होणारे आणि घरच्या राउटरवरही तेच. लॅपटॉप बिचारा सर्व्हरला घरातच शोधत बसतो. कार्यालयाला १०.४७.१२ अशी आडवळणाची मालिका दिली की कटकट मिटते. पण प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांचे हाताने टाकलेले पत्तेही त्याच दिवशी बदलावे लागतात, म्हणून हे काम रविवारी काढावे.

राहता राहिला लॉग. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा मात्र साधारण २० एमबी. पोर्ट उघडा असेल तर ४६२५च्या नोंदींनीच तो भरतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. मर्यादा वाढवून लॉगची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या यंत्रावर काढावी.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, सांगली