बाळाने मान धरण्याची वाट पाहत बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, या स्नायू लुळे पाडणाऱ्या जनुकीय आजारावरचे रिसडिप्लाम हे औषध ऑक्टोबर 2025 पासून 15,900 रुपयांना एक बाटली या दराने मिळू लागले. त्याआधी एका बाटलीला सहा लाखांवर मोजावे लागत. मूळ कंपनीने पेटंटसाठी सर्वोच्च न्यायालय गाठले, पण तिथे हे स्वस्त औषध बनवणाऱ्या नॅटको या भारतीय कंपनीची बाजू टिकली. ती बातमी वाचून मी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि रडत बसले.

माझ्या बहिणीचा नातू तीन महिन्यांचा झाला तरी मान धरत नव्हता. पाय बेडकासारखे फाकलेले, रडणे बारीक, श्वास घेताना पोट तेवढे हलायचे. नजर मात्र इतकी तरतरीत की माणूस ओळखून हसायचा. ‘मुलगेच ते, उशिरा मान धरतात,’ असे सगळे म्हणाले. तीस वर्षे प्रसूती कक्षात काढलेली मीसुद्धा तेच म्हणाले. डॉक्टरांनी टॉनिक दिले, आम्ही मालिश वाढवली. जनुकीय तपासणीत एसएमए असल्याचे कळले तेव्हा सातवा महिना सरला होता. न्यूमोनियाने तो वर्षाच्या आतच गेला.

या आजारात एसएमएन1 हे जनुक काम करत नाही, त्यामुळे मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जातात. औषध उरलेल्या पेशी वाचवते, मेलेल्या परत आणत नाही. म्हणून सगळा प्रश्न तारखेचा आहे. नुसिनर्सेन या इंजेक्शनच्या ‘नर्चर’ चाचणीत 25 बाळांना लक्षणे दिसण्याआधीच औषध सुरू केले होते. 2020च्या अहवालापर्यंत ती सगळी जिवंत होती आणि त्यांतली 22 आधाराशिवाय चालत होती. एरवी पहिल्या प्रकारच्या, म्हणजे तान्हेपणीच दिसणाऱ्या, एसएमएचे बाळ उपचाराविना आधाराशिवाय बसतसुद्धा नाही आणि बहुतेक दोन वर्षांच्या आत जाते.

लक्षणांआधी कळायचे कसे? जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते टिपकागदावर वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. अमेरिकेने 2018 मध्ये एसएमएचा समावेश नवजात तपासणीच्या शिफारस यादीत केला, जर्मनीत 2021 पासून ती होते. आपल्याकडे दुर्मीळ आजार धोरणातून केईएमसारख्या केंद्रांत 50 लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती निदान झाल्यावर. जुन्या दराने मोठ्या मुलाला ती वर्षभरही पुरत नसे. तान्ह्या बाळाचा डोस वजनावर ठरतो, त्याला एक बाटली महिनाभर तरी जाते. औषध स्वस्त झाले आहे, आता तरी राज्य सरकारने सरकारी प्रसूतिगृहांत टाचेच्या रक्ताची ही तपासणी सुरू करावी.

आणि आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना एवढे शिकवावे: बाळ अंगाने लुळे आणि नजरेने तल्लख दिसले, तर टॉनिकवर थांबू नका, त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पाठवा. मला हे कुणी शिकवले नव्हते.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा